उटणं, उबटन आणि निगा

उटणं आणि उबटन या दोन शब्दांत फरक एका ‘ब’चा. पुण्या-साताऱ्यात राहणाऱ्याला तो सहसा जाणवत नाही, कारण दोन्ही शब्द एकाच घरात, एकाच सकाळी कानावर पडण्याचा प्रसंग येत नाही. झाशीच्या मराठी घरांत तो येतो.

झाशी शहराच्या लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मी ताल आहे. ताल म्हणजे आपलं तळं. काठाला झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळातलं महालक्ष्मीचं देऊळ आणि जवळच राजे गंगाधररावांची छत्री, म्हणजे स्मारक. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गेले आणि राणी लक्ष्मीबाईंनी ही छत्री बांधून घेतली. नारोशंकर १७४२मध्ये सुभेदार म्हणून झाशीला आले, त्यांच्यामागून आणि पुढे नेवाळकरांबरोबर रत्नागिरीकडची, देशावरची माणसं बुंदेलखंडात उतरली. कारकून, भिक्षुक, शिलेदार, आचारी, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका, सासवा, आज्या. संस्थान १८५४मध्ये खालसा झालं, १८५८मध्ये शहर लुटलं गेलं, तरी सगळी घरं परत गेली नाहीत. ज्या गणेश मंदिरात १८४२मध्ये गंगाधररावांचं आणि लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, ते आजही तिथल्या मराठी मंडळींचं देऊळ आहे.

अशा घराची भाषा पिढ्यांगणिक बदलते. कचेरी, बाजार, शाळा हिंदीत जातात. पुढे भांडणं आणि हिशेबही हिंदीत होऊ लागतात. माझं असं मत झालं आहे की न्हाणीघरातले शब्द सगळ्यांत शेवटी जातात. मुलाला पाटावर बसवून तेल लावताना आई जे शब्द वापरते, ते तिला तिच्या आईने तेल लावतानाच दिलेले असतात. त्यांना पर्यायी शब्द बाजारातून आणावा लागत नाही, म्हणून ते बदलतही नाहीत. या लेखात मी त्याच शब्दांच्या मागे जाणार आहे: न्हाण, तेल, उटणं, दातवण, हळदकुंकू, मालिश, आणि आपण ज्याला सरसकट ‘तब्येत’ म्हणतो ती.

उटण्यापासूनच सुरुवात करू. मूळ संस्कृत शब्द उद्वर्तन. उद् म्हणजे वर, आणि वृत् म्हणजे वळणं, फिरणं. प्राकृतात त्याचा उव्वट्टण झाला. हिंदीकडे जाताना ‘व्व’चा ‘ब’ झाला आणि उबटन तयार झालं. मराठीने तो ‘व’ आधी सैल केला, मग गिळला, आणि राहिलं उटणं. पंढरपूरला चैत्रापासून मृगापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात, ती उटीही याच कुळातली. वृत् या धातूची मराठीतली प्रजा मोठी आहे. समईतली वात ही वर्तिका, म्हणजे वळलेली. पाट्यावर वाटण वाटतो तो ‘वाटणं’ शब्दही ‘फिरवणं’ या अर्थातूनच आला. म्हणजे पूर्वी घरी पाट्यावर उटणं वाटलं जायचं, तेव्हा वाटणारी आणि लावणारी एकाच धातूची दोन कामं करत होत्या.

पण त्या ‘उद्’कडे नीट पाहा, कारण खरी माहिती तिथे आहे. उटणं वरच्या दिशेने चोळायचं असतं. हाताला लावायचं तर मनगटाकडून खांद्याकडे, पायाला लावायचं तर घोट्याकडून मांडीकडे, लवेच्या उलट. म्हणजे ते लावायचं कसं हेसुद्धा नावातच सांगून ठेवलं आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे, त्यात उद्वर्तनाचे गुण एका श्लोकात एका ओळीने येतात: कफ कमी होतो, मेद विरघळतो, अवयव घट्ट होतात, त्वचा उजळ होते. आज आपण पहिले तीन आरोग्याच्या खात्यात टाकू आणि चौथा सौंदर्याच्या. वाग्भटाला ती दोन खाती करावीशी वाटली नाहीत.

साहित्य मात्र भूगोल ठरवतो. आपल्याकडच्या उटण्यात आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, गव्हला, चंदन आणि आधाराला मसूर किंवा हरभऱ्याचं पीठ. वर्षभर डब्यात राहील अशी कोरडी पूड. उत्तरेतलं उबटन बहुधा ओलं आणि ताजं: बेसन किंवा जवाचं पीठ, हळद, सरसूचं तेल, आणि दुधात वाटलेली चिरौंजी. चिरौंजी म्हणजे आपली चारोळी. तिची झाडं विंध्याच्या जंगलात आपसूक वाढतात, म्हणून बुंदेलखंडात ती तोंडाला लावायला परवडते. आपण ती मोजून श्रीखंडावर टाकतो. झाशीतल्या मराठी घरात दिवाळीला उटण्याची पूड असते आणि लग्नात चिरौंजीचं उबटन, आणि दोन्हींना आपापल्या नावाने हाक मारली जाते. एका ‘ब’ने दोन वेगळे पदार्थ वेगळे ठेवले आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

उटण्याआधी अभ्यंग. या शब्दात ‘अंग’ आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि अर्थही जुळतो, म्हणून कोणी पुढे शोधत नाही. प्रत्यक्षात तो शब्द अभि आणि अञ्ज् यांचा आहे. अञ्ज् म्हणजे माखणं, लेपणं, आणि लेपून उठावदार करणं. डोळ्यांत घालतो ते अंजन याच धातूचं. भाताला चव आणतं ते व्यंजन, आणि स्वराला आकार देणारं अक्षरही व्यंजनच. इतकंच काय, व्यक्त आणि व्यक्ती हे शब्दही ‘वि’ आणि ‘अञ्ज्’ यांचेच. जे आत अंधुक होतं ते लेप दिल्यासारखं वर उमटलं, की ते व्यक्त झालं. ज्याचं वेगळेपण असं उमटलं ती व्यक्ती. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर कुडकुडत बसलेल्या पोराच्या पाठीवर तेल जिरवणारा हात आणि ‘मला व्यक्त व्हायचं आहे’ म्हणणारा तरुण एकाच धातूचा आधार घेतात.

वाग्भट अभ्यंग रोज करावा म्हणतो आणि डोकं, कान, तळपाय यांना तेल विशेष लावावं म्हणतो. ही तीनच नावं त्याने का घेतली असतील? स्वतःला तेल लावताना नेमकं हेच तीन भाग राहून जातात. आजीच्या हातात वाटी असली की ते कधीच राहत नाहीत. टाळूवर तेलाची धार, कानात दोन थेंब, मग तळव्यांना काशाची वाटी. काशाच्या वाटीने तळवे घासले की ती काळी पडते आणि घरातली मोठी माणसं ‘उष्णता निघाली’ म्हणतात. काशात तांबं असतं, तेल आणि घाम त्याच्याशी घर्षणात मिळतात आणि काळं होतं, एवढं त्याचं रसायन. पण दहा मिनिटं कोणीतरी आपले तळवे हातात घेऊन बसल्यावर झोप लागते, हा त्याचा गुण कुठल्याही रसायनाने कमी होत नाही.

आता न्हाण. स्ना या धातूचा प्राकृतात ण्हाण झाला. मराठीने तो जवळजवळ तसाच ठेवला: न्हाणं, न्हाणी, न्हाऊमाखू घालणं. हिंदीने ‘न’ आणि ‘ह’ यांच्यामध्ये स्वर आणून नहाना केलं. न्हाण हा शब्द मराठीत शरीराच्या फार नाजूक जागांपर्यंत जातो. मुलगी वयात आली की ‘न्हाण आलं’, बाळंतिणीला दहाव्या-बाराव्याला घालतात ते न्हाण. आंघोळ रोजची, न्हाण प्रसंगाचं, हा भेद मराठी बायकांनी पिढ्यानपिढ्या पाळला. केसांवरून पाणी घेतलं तरच ‘न्हाले’. नाहीतर नुसती आंघोळ.

याच धातूने मराठीत एक फार जुनी गोष्ट जपून ठेवली आहे. संस्कृतात केस कापणाऱ्याला नापित म्हणतात. हा शब्द पाहून त्याचा स्नानाशी काही संबंध असेल अशी शंकाही येत नाही. पालीत मात्र तोच शब्द नहापित असा आहे, म्हणजे ‘न्हाऊ घालणारा’. अभ्यासक नापिताच्या मागे स्नापित हे जुनं रूप धरतात. संस्कृतात त्याचा ‘स’ झिजून पार गेला. मराठी ‘न्हावी’ने त्याची आठवण ‘ह’च्या रूपात सांभाळली. मराठी बोलणारा जेव्हा न्हावी म्हणतो तेव्हा तो कोशातल्या नापितापेक्षा मूळ अर्थाच्या जवळ असतो. हिंदीच्या नाईमध्ये तो ‘ह’ही उरला नाही.

पण बुंदेलखंडात शब्द झिजला तरी काम टिकलं. तिथल्या लग्नात वधूला उबटन लावायला नाइन, म्हणजे न्हावीण, येते. पायाला महावर, म्हणजे आपला अळता, लावणं, न्हाऊ घालणं, वधूला नटवणं ही तिची हक्काची कामं, आणि त्याचा तिला मान आणि नेग, म्हणजे मानाची भेट, मिळते. आपल्याकडेही न्हावी हा फक्त केस कापणारा नव्हता. तेल रगडणं, लचकलेला पाय बसवणं, गळू फोडणं, लग्नात छत्री-मशाल धरणं, सगळं त्याच्याकडे. ज्याच्या हाताखाली गाव न्हात होतं त्याच्या हुन्नराला आपण पुढे हलक्या नजरेने पाहू लागलो, ही आपल्या समाजाची लाज आहे. कारण त्याच धातूचे दोन शब्द आपण उंच आसनावर बसवले आहेत. गुरुगृही विद्या संपवून विधीपूर्वक स्नान केलेला तो स्नातक. विद्येत बुडून न्हालेला तो निष्णात. विद्यापीठाच्या पदवीपत्रावरचा स्नातक आणि चावडीजवळचा न्हावी सख्खे आहेत.

झाशीच्या स्नानाबद्दल मराठीत एक साक्षीदार आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७मध्ये उत्तरेत गेले आणि फिरत फिरत झाशीला येऊन राहिले. इंग्रज सेनापती ह्यू रोजचा १८५८मधला वेढा त्यांनी शहराच्या आत बसून सोसला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७मध्ये संस्कारून छापला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये पुढे आणली. गोडसे भटजी भिक्षुक माणूस. त्यांची नजर तलवारीपेक्षा घरातल्या वहिवाटीवर अधिक टिकते, आणि त्यामुळेच राणीची दिनचर्या आपल्याला मिळाली. पहाटे उठून मल्लखांब, मग घोड्यावरची रपेट, मग ऊन पाण्याचं सावकाश स्नान. स्नानाची बाईसाहेबांना मनापासून आवड होती. महालक्ष्मीच्या दर्शनाला त्या कधी पालखीतून जात, कधी घोड्यावरून. लक्ष्मी तालाची वाट त्यांच्या नित्याची होती.

या दिनचर्येतला एकेक शब्द उचलून पाहावा असा आहे. व्यायाम म्हणजे वि, आ आणि यम्: ताणणं, पसरणं. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंतचं जे माप होतं त्याला संस्कृतात व्याम म्हणतात. तोच मराठीत वाव झाला. विहिरीचं पाणी किती वाव खोल, असं आजही जुनी माणसं विचारतात. आणि ‘तिथे काही करायला वाव नाही’ म्हणतो तेव्हाही आपण हात पसरण्याएवढीच जागा मागत असतो. तालीम हा अरबी शब्द, मूळ अर्थ शिकवण. इल्म, मुअल्लिम त्याच घरातले. हिंदी-उर्दूत तो शाळेतल्या शिक्षणाकडे राहिला. मराठीने त्याला लाल मातीत आणलं, कोल्हापुरात तर तालीम मंडळांनी पेठा ओळखल्या जातात, आणि नाटकवाल्यांनीही तोच शब्द घेतला. आखाडा हा अक्षवाट, म्हणजे मुळात खेळाचं कुंपण. मल्लखांबातला खांब तर वेदातल्या स्कंभाचा वंशज. अथर्ववेदात विश्वाला तोलून धरणाऱ्या स्कंभावर अख्खं सूक्त आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात पैलवानांच्या मेहनतीत खांबावरची कसरत येते, आणि त्याच ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये स्नानाला स्वतंत्र प्रकरण आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा नावारूपाला आणला. बिठूरला त्याच बाजीरावाच्या आश्रयात मनकर्णिका तांबे, म्हणजे पुढची राणी लक्ष्मीबाई, वाढली. तिच्याबरोबर हा शब्द झाशीत आला असावा, आणि हिंदीतही तो ‘मलखंब’ होऊन टिकला.

ऊन पाणी तापवायला घरोघरी तांब्याचा बंब आला तो पुढे. हा शब्द पोर्तुगिजांच्या बोंबा या शब्दावरून आला, त्याचा अर्थ पाण्याचा पंप. आपण तो आग विझवणाऱ्या गाडीलाही दिला आणि आत निखारे असलेल्या भांड्यालाही.

हळदकुंकवाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा झाशीचे. त्यांची ‘झाँसी की रानी’ १९४६मध्ये आली, आणि त्यांनी तिच्यात ‘हरदी कूँ कूँ’चा उत्सव वर्णन केला आहे. हा शब्दप्रयोग वाचताना मराठी माणसाचं मन भरून येतं. आपलं हळदीकुंकू बुंदेली तोंडात गेलं, तिथल्या बायकांनी ते आपलं मानलं आणि ते कादंबरीत येऊन बसलं. हिंदीतली एरवीची बाई सिंदूर म्हणेल, रोली म्हणेल. इथे मात्र कूँ कूँ.

हळद आणि हरदी यांच्यातला ‘ळ’ आणि ‘र’ यांचा खेळ फार जुना आहे. मूळ हरिद्रा, ‘हरि’ म्हणजे पिवळट-हिरवा रंग. प्राकृताचा व्याकरणकार वररुची याने ज्या शब्दांत ‘र’चा ‘ल’ होतो त्यांचा एक गट बांधला आणि त्याला नावच हरिद्रादी दिलं. करुणचा कलुण करणारा नियमही त्यातच येतो. त्या गटाचं पुढारपण हळदीकडे का, तर स्वयंपाकघरातला, रोजच्या तोंडातला तोच शब्द होता, असं मला वाटतं. महाराष्ट्री प्राकृतातल्या हलद्दीची मराठीत हळद झाली. बुंदेलीला मात्र ‘ल’च्या जागी ‘र’ आवडतो, गालीची ती गारी करते, आणि म्हणून तिच्याकडे हरदी. गंमत अशी की त्यामुळे ती पुन्हा हरिद्रेच्या जवळ गेलेली दिसते.

कुंकवाची कथा वेगळी, ती अर्थाची आहे. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. अमरकोशात कुंकुमाचं एक नाव काश्मीरजन्म असं आहे, त्यामुळे शंकेला जागाच नाही. केशर महाग, दुरून येणारं, राजघराण्यापुरतं. कपाळावरचा तो लाल-केशरी ठिपका सगळ्यांना हवा होता. तो हळदीतून निघाला. हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवायची, टाकणखार आणि तुरटी घालायची, तांब्याच्या भांड्यात खालवर करत सुकवायची आणि कांडायची. हळदीतलं पिवळं द्रव्य टाकणखारातल्या बोरॉनशी जोडलं जातं आणि पिवळ्याचं गर्द लाल होतं. जिने पहिल्यांदा हे पाहिलं तिचं नाव इतिहासाला ठाऊक नाही, पण तिने एका महागड्या शब्दाला गरिबाच्या घरात आणून बसवलं. मूळ वस्तूला मग केसर, म्हणजे तंतू, हे नाव पुरेसं झालं. आता हळद आणि कुंकू असं आपण दोन करंड्यांतून दोन वस्तू दिल्यासारखं देतो; खरं पाहिलं तर एकीचीच दोन रूपं. आणि हे जुन्या रीतीचं कुंकू होतं तोवर कपाळाला अपाय करत नव्हतं. स्वस्त रासायनिक रंगांचं ‘कुंकू’ लावून ज्यांच्या कपाळावर पांढरे डाग पडले, त्या बायकांना शब्दाने फसवलं असंच म्हणावं लागेल. नाव तेच राहिलं आणि करंड्यातली वस्तू बदलली.

दातवणाचा शब्द तर आपण जवळजवळ टाकूनच दिला आहे. दन्तपवन, म्हणजे दात शुद्ध करणारं. वाऱ्याला पवन म्हणतात तेही तो शुद्ध करतो म्हणूनच. प्राकृतात दंतवण, मराठीत दातवण, हिंदीत दातून. चरक तुरट, तिखट किंवा कडू चवीची काडी सांगतो, तिचं टोक चावून मऊ करायला सांगतो आणि दिवसातून दोन वेळा दात घासायला सांगतो. आजचे दंतवैद्य वेळांबाबत याहून वेगळं काही सांगत नाहीत. मराठीत दातवण पुढे काळ्या पुडीचं नाव झालं आणि पुडीबरोबर मावळलं. उत्तरेतल्या बाजारांत कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या काड्यांच्या जुड्या मिळतात, त्यामुळे तिकडे दातून हा शब्द अजून ताजा आहे. झाशीची मराठी आजी दातवण म्हणते आणि समोर हिरवी काडी धरते, तेव्हा आपल्या शब्दाचा जुना अर्थ तिच्या हातात असतो.

केसांकडे आलं की शब्द दक्षिणेकडून येतात. शिकेकाई तमिळ-कन्नड मुलखातली: शिकै म्हणजे शेंडी, केस, तो शब्द मुळात संस्कृत शिखा, आणि काय् म्हणजे कच्चं फळ, शेंग. केसांची शेंग. बरोबरचा रिठा मात्र संस्कृत अरिष्टक, ज्याने इजा होत नाही तो. हिंदीतून उलट दिशेला गेलेला शब्द म्हणजे शॅम्पू. चाँपना म्हणजे दाबणं, चाँपो म्हणजे दाब. मराठीत आपण पाय चेपतो ते क्रियापद त्याच्याच शेजारचं. पाटण्यात १७५९मध्ये जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडात गेले, ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्यांनी वाफेच्या स्नानाचं आणि चंपीचं स्नानगृह चालवलं, १८२२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि राजा चौथा जॉर्ज याच्या सेवेत चंपी करणारे म्हणून नेमले गेले. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ अंग रगडणं एवढाच होता. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला, आणि मग तो बाटलीत बंद होऊन परत आपल्याकडे आला. परत येताना त्यातून हात गळून पडला होता.

मी इतका वेळ ज्याच्या मागे आहे ते हेच. हे सगळे शब्द एकापुढे एक ठेवून पाहा. अभ्यंग म्हणजे माखणं. उद्वर्तन म्हणजे वर चोळणं. मालिश हा फारसी मालीदन, म्हणजे रगडणं, यावरून. तुपात-गुळात पोळी कुस्करून केलेला मलिदाही त्याचाच भाऊ. मर्दन म्हणजे दाबून मळणं. चंपी म्हणजे दाबणं. न्हावी म्हणजे न्हाऊ घालणारा. एकही शब्द परिणामाचं नाव घेत नाही. गोरेपणा, तजेला, तारुण्य यांतलं काही त्यांच्यात नाही. प्रत्येक शब्द एका हाताने दुसऱ्या शरीरावर केलेली क्रिया सांगतो, आणि बहुतेक वेळा ती दोन माणसांवाचून होत नाही. आजच्या जाहिरातींचे शब्द ‘ग्लो’, ‘ब्यूटी’, ‘वेलनेस’ हे मिळणाऱ्या फळाचे शब्द आहेत. ते एकट्याने विकत घेता येतात.

या सर्वांवर छत्र धरणारा एक शब्द मराठीत आहे, निगा. फारसी निगाह, म्हणजे नजर. हिंदी-उर्दूत ती नजरच राहिली, शायरीत गेली. मराठीने तिला कामाला लावलं. केसांची निगा, म्हाताऱ्या माणसांची निगा, बागेची निगा. डोळ्यांपुढे ठेवणं म्हणजेच काळजी घेणं, हे या भाषेला कधीतरी उमगलं. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातले फारसी शब्द काढून टाकण्यासाठी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात भोगाच्या वस्तूंचा वेगळा वर्गही आहे. दफ्तरातले कित्येक शब्द त्या लाटेत बदलले. निगा दफ्तरात नव्हती, ती पाळण्याजवळ आणि अंथरुणाजवळ बसली होती. ती राहिली.

लक्ष्मी तालाबद्दल मला याच शब्दात बोलायचं आहे. या तळ्यात वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी येत राहिलं, जलकुंभी माजली; आपण तिला जलपर्णी म्हणतो. अलीकडच्या काळात तिथे ‘सौंदर्यीकरण’ हाती घेतलं गेलं. आपल्याकडे त्याला सुशोभीकरण म्हणतात, आणि पुण्यापासून कोल्हापूरच्या रंकाळ्यापर्यंत प्रत्येक तळ्याने तो शब्द ऐकला आहे. काठाला फरशी, दिवे, कठडे. मला दिव्यांचा राग नाही. पण ज्या तळ्यात न्हाता येत नाही त्याला सुंदर करणं म्हणजे अंघोळ न घालता कुंकू लावणं. तळ्याला येणारे नाले आधी थांबवावे लागतात, गाळ काढावा लागतो, जलपर्णी दर मोसमात हाताने ओढून काढावी लागते. ते काम एकदा करून संपत नाही, रोज बघावं लागतं. त्यालाच निगा म्हणतात.

राहता राहिली तब्येत. अरबीत तबीअत म्हणजे स्वभाव, मूळची घडण. संस्कृतात प्रकृती म्हणजेही तेच. मराठीने हे दोन्ही परके-सख्खे शब्द घेतले आणि दोघांनाही आरोग्याच्या अर्थाने राबवलं. ‘प्रकृतीस जपावे’ असं आपण पत्रात लिहायचो, ‘तब्येत कशी आहे’ असं दारात विचारतो. कोणी आजारी पडला तर त्याच्या मूळ घडणीत काही हललं आहे, असं दोन्ही शब्द सांगतात. हिंदीने तबीयत आजारासाठी ठेवली, पण प्रकृति निसर्गाला देऊन टाकली. त्यामुळे ‘आपकी प्रकृति कैसी है’ म्हटलं तर झाशीचा शेजारी गोंधळतो. स्वस्थ या शब्दात आणखी मोठी फारकत आहे. स्व-स्थ, म्हणजे स्वतःमध्ये असलेला. सुश्रुताने स्वस्थ माणसाची व्याख्या करताना दोष, अग्नी, धातू यांच्याबरोबर मन प्रसन्न असणंही घातलं आहे. हिंदीने त्यातला देहाचा भाग उचलला, तिथे स्वास्थ्य विभाग आहे आणि अस्वस्थ म्हणजे आजारी. मराठीने मनाचा भाग उचलला. आपल्याकडे आरोग्य विभाग आहे, स्वस्थ म्हणजे गप्प आणि शांत, आणि अस्वस्थ माणसाला ताप नसतो, त्याला घोर लागलेला असतो.

नागपूर-पुण्याकडून झाशीत लग्न होऊन गेलेल्या मुलीला हा फरक पहिल्या महिन्यातच शिकावा लागतो. ती शेजारणीला ‘मन अस्वस्थ है’ म्हणते आणि शेजारीण डॉक्टरचं नाव सुचवते. मग दोघीजणी तबीयतवर येतात, कारण तो शब्द दोघींकडे सारखा आहे, आणि पुढचं बोलणं त्यावरून सुरू होतं.